चीन-जपानातील शोभेच्या गाठी



'गाठ' हा आपल्या भाषेतील मोठा राबता शब्द आहे. दोन माणसे भेटली म्हणजे त्यांची गाठ पडते. विवाह झाला म्हणजे लग्नगाठ बसते. एखादी गोष्ट विसरू नये असे वाटले म्हणजे आपण मनाशी खूणगाठ बांधतो. जानव्याला ब्रह्मगाठ असते, अनंताच्या दोऱ्याला १४ गाठी असतात. गाठींच्या भाषेत इतके बोलणारे आपण. परंतु प्रत्यक्ष दोरी हाती घेण्याची वेळ आली की बहुतेकांची विद्या दोन प्रकारांपाशी संपते. एक, टोक ओढताच सुटणारी सुरगाठ. आणि दुसरी, नखे झिजविली तरी न सुटणारी निरगाठ. या दोहोंखेरीज गाठींचा एक तिसरा कुलवंत प्रकार आहे. ती धरते, आणि धरता धरता शोभतेही. या शोभेच्या गाठींची आपणांस ओळख करून द्यावी, आणि त्यांपैकी निदान दोन आपल्या हातांत बसवून द्याव्यात, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

अलीकडे शहरांतील दुकानांत दोरीच्या गाठींनी विणलेल्या वस्तू पुष्कळ दिसतात. भिंतीवरचे पडदे, कुंडी टांगण्याच्या जाळ्या, पिशव्या, कमरपट्टे अशा या वस्तूंना 'मॅक्रमे' असे म्हणतात. हे नाव अरबी-तुर्की शब्दावरून आले, असे सामान्यतः मानतात. कापड विणून झाले म्हणजे कडेला जे मोकळे धागे उरतात, ते गाठींनी बांधून त्यांची झालर करावयाची, हे या कलेचे मूळ रूप होय. पुढे ती स्पेन व इटली या देशांत रुजली. लांबच्या सफरींवर वेळ जाता जाईना तेव्हा खलाशांनीही ती आपलीशी केली. परंतु मॅक्रमे म्हटले म्हणजे काहीतरी परके, असे समजण्याचे कारण नाही. दुधा-लोण्याची मडकी मांजरापासून वाचविण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात आढ्याला जे शिंके लोंबत असे, ते कुंडीच्या जाळीचे सख्खे भावंडच आहे. आणि 'शिंके तुटले, बोक्याचे फावले' ही म्हण या कलेचा पहिला नियमही सांगून जाते. गाठ दिसावयास कितीही सुंदर असो, ती भार पेलते की नाही, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

आता ज्या देशात या कलेने सर्वांत उंच शिखर गाठले त्या चीनकडे वळू. लिपी नव्हती त्या काळी राज्यकारभाराच्या नोंदी दोरीच्या गाठींनी ठेवीत, आणि मागाहून ज्ञानी पुरुषांनी त्यांच्या जागी लेखन आणले, असा उल्लेख चीनच्या 'यि चिंग' या प्राचीन ग्रंथाच्या परिशिष्टात आहे. म्हणजे अक्षराच्या आधी गाठ, अशी तेथील परंपरा. शिवाय चिनी भाषेत गाठीला 'ज्ये' म्हणतात आणि शुभ या अर्थाचा शब्द 'जी' असा आहे. उच्चारातील अशा जवळिकीवरून शुभ-अशुभ पाहण्याची त्या लोकांची जुनी रीत आहे. म्हणूनच की काय, कमरेला लटकणारा हरितमणी, पंखा, बासरी, वाद्यांचे गोंडे, पालखीचे पडदे, सणावारी दारावर टांगावयाचे लाल तोरण, या सर्वांवर गाठ आलीच.

चिनी गाठीची काही सामान्य लक्षणे आहेत. ती बहुधा एकाच अखंड दोरीची असते. ती मध्यावर दुमडून दोन्ही टोकांनी काम करतात. तिची डावी व उजवी बाजू सारखी असते आणि पुढून जशी दिसते तशीच बहुधा मागूनही दिसते. मूळ गाठी मोजक्याच, सुमारे डझनभर. उरलेला सारा विस्तार त्यांच्या जोडणीचा. बाराखडी थोडी असून वाङ्मय मात्र अफाट असावे, तद्वत हे आहे.

या बाराखडीतील सर्वांत प्रसिद्ध अक्षर म्हणजे 'पान-छांग'. हिची दोरी उभी-आडवी, वरून-खालून अशी विणत नेतात. पुरी झाल्यावर ती तिरप्या चौकोनासारखी दिसते, आणि कडेने लहान लहान पाकळ्या निघतात. दोरीचा आरंभ कोठे व शेवट कोठे हे पाहणाऱ्यास कळत नाही, म्हणून ती अनंताचे चिन्ह मानली गेली. हे चिन्ह बौद्धांच्या अष्टमंगलांपैकी एक असून संस्कृतात त्याचे नाव 'श्रीवत्स' असे आहे. विष्णूच्या वक्षःस्थळावरील खूण म्हणून आपण हे नाव नित्य ऐकतो. तेच नाव तिबेट व चीन येथे गाठीच्या रूपाने नांदते आहे, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. चीनमधील एका मोठ्या दूरध्वनी कंपनीचे बोधचिन्हही याच गाठीवरून घेतलेले आहे.

जपानात हीच विद्या वेगळ्या वळणाने वाढली. तेथे कागदाच्या पिळलेल्या, खळ देऊन ताठ केलेल्या बारीक दोऱ्या करतात. त्यांना 'मिझुहिकी' म्हणतात. नागानो प्रांतातील इइदा हे गाव या व्यवसायाचे मोठे केंद्र आहे. आहेराचे पाकीट या दोऱ्यांनी बांधावयाचे. पण कोणती गाठ बांधावयाची याला कडक शिस्त आहे. मुलाचा जन्म, शाळेतील प्रवेश, असे जे प्रसंग पुनःपुन्हा यावेत असे वाटते, त्यांना फुलपाखरासारखी, ओढताच सुटणारी गाठ. म्हणजे आपली सुरगाठच. जे एकदाच घडावे अशी इच्छा असते, जसे विवाह किंवा मोठ्या दुखण्यातून उठणे, त्याला न सुटणारी गाठ. आणि शोकप्रसंगीही तीच, कारण ते दुःख त्या घरावर पुन्हा येऊ नये. मंगलप्रसंगी दोऱ्या लाल-पांढऱ्या, शोकप्रसंगी काळ्या-पांढऱ्या. कोणती गोष्ट सुटावी आणि कोणती सुटू नये, एवढा संसाराचा विचार त्यांनी दोन गाठींत साठविला आहे.

जपानातील गोफ विणणाऱ्यांची हकीकतही बोधप्रद आहे. तलवारीच्या मुठीस व म्यानास आणि चिलखतास लागणारे रेशमी गोफ विणणे हा त्यांचा धंदा होता. १८७६ साली सरकारने सर्वसामान्यांना तलवार बाळगण्याची बंदी केली आणि या कारागिरांचे एक मोठे गिऱ्हाईक एका आज्ञेसरशी गेले. पण त्यांनी हातातील कला टाकली नाही. स्त्रियांच्या किमोनोवरील कमरपट्ट्यास आवळण्याच्या गोफाकडे ती वळविली आणि तग धरला. कोरियात स्त्रियांच्या पोषाखावर 'नोरिगे' नावाचा गाठी व गोंडे असलेला दागिना लटकवितात. तेथील शासनाने गाठी बांधण्याच्या कारागिरीस १९६८ साली राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. दागिने रेशमात ओवून त्यांना गोंडे लावणारे आपले पटवेकरी याच कुळातले म्हणावयास हरकत नाही.

असो. इतिहास ऐकून गाठ येत नाही. ती हातानेच आली पाहिजे. फळ्यासमोर उभे राहण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माझ्यासारख्या मास्तरास फळ्यावाचून गाठ शिकविणे थोडे अवघडच. आकृती काढता येत नाही, तेव्हा रंगाचा आधार घेऊ. सुमारे दोन हात लांबीची, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, गोल सुती दोरी घ्यावी. फार गुळगुळीत दोरी नवशिक्यास दाद देत नाही. तिचा मध्य काढून एक अर्धा भाग लाल शाईने रंगवावा व वाळू द्यावा. मग मध्यभागी टाचणी टोचून ती उशीवर किंवा लाकडी पाटीवर अशी बसवावी, की लाल दोरा डाव्या हाताला व पांढरा उजव्या हाताला लोंबेल.

जी गाठ आपण बांधणार आहोत तिचे चिनी नाव 'दुहेरी नाणे' या अर्थाचे आहे. मध्यभागी भोक असलेली दोन जुनी चिनी नाणी एकमेकांवर अर्धी सरकवून ठेवावीत, तशी ती दिसते. म्हणून ती समृद्धीची खूण. हीच गाठ युरोपातील खलाशी दोन जाड दोर जोडण्यास वापरीत आणि मॅक्रमे करणाऱ्या स्त्रिया तिला जोसेफाइन गाठ म्हणतात.

प्रथम लाल दोरा घ्या. तो डाव्या बाजूने वीतभर खाली येऊ द्या. तेथून उजवीकडे वळवा, वर न्या, पुन्हा डावीकडे आणा, आणि जो भाग आधी खाली उतरला आहे त्याच्यावरून ओलांडून टोक डावीकडे खाली सोडा. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरलेले हे एक लाल कडे झाले. त्याची फुली डावीकडे आहे, आणि फुलीत शेपूट वर आहे, एवढे पाहून घ्या.

आता हे लाल कडे अलगद उचलून पांढऱ्या दोऱ्यावर ठेवा. म्हणजे पांढरा दोरा कड्याच्या वरच्या काठाखालून शिरून खालच्या काठाखालून बाहेर पडेल. येथपर्यंत काहीच गुंतलेले नाही. यापुढे फक्त पांढरे टोक चालावयाचे आहे, आणि ते पाच पावले चालेल. पहिले पाऊल: डावीकडे जाऊन लाल शेपटीच्या वरून. दुसरे: वर वळून, फुली व टाचणी यांच्यामधील लाल दोऱ्याच्या खालून. तिसरे: उजवीकडे वळून कड्याच्या वरच्या काठावरून कड्याच्या आत. चौथे: कड्याच्या आत जो पांढरा दोरा आधीच पडला आहे त्याच्या खालून. पाचवे: कड्याच्या उजव्या बाजूच्या खालच्या काठावरून बाहेर. वरून, खालून, वरून, खालून, वरून. हा पाच शब्दांचा पाढा तोंडपाठ करावा. यातील एक जरी पाऊल चुकले, तरी विणीचा मेळ मोडतो आणि ताण देताच गाठ बसण्याऐवजी विस्कटते.

गाठ विणून झाली म्हणजे तिची दोन्ही टोके धरून ओढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गाठ ओढावयाची नसते, बसवावयाची असते. टाचणीपासून आरंभ करून दोरी ज्या वाटेने गेली त्या वाटेने बोटाने चालत जावे, आणि वाटेत जो ढिलेपणा भेटेल तो पुढे पुढे ढकलीत टोकातून बाहेर काढावा. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की दोन्ही नाणी सारखी उमटतात. पान-छांगसारख्या मोठ्या गाठीत तर विणण्यापेक्षा बसविण्यासच अधिक वेळ लागतो. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला माझ्या पाहण्यात असे आले की, हुशार म्हणून नावाजलेली मुले गाठ विणीत चटकन, पण बसविताना त्यांचा धीर सुटे. आणि गणितात मागे राहणारा एखादा मुलगा शांतपणे दोरीची वाट चालून सर्वांत देखणी गाठ पुढे ठेवी. परीक्षेत ज्याला गुण नसतात असा एक गुण या कामात लागतो.

याच विणीतून चिनी सदऱ्याचे गोल बटन तयार होते. नाण्यांची वीण मोकळी असतानाच टोके मधल्या खिडकीतून वर काढतात व हळूहळू आवळीत तिचा घट्ट मणी करतात. क्लिफर्ड ॲशली नावाच्या अमेरिकन लेखकाने १९४४ साली गाठींचा एक महाकोश प्रसिद्ध केला. त्यात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत. त्यानेही या चिनी बटनांची आवर्जून दखल घेतली आहे.

दुसरी गाठ भार वाहणारी आहे. तिला चपटी गाठ म्हणू. हिला चार दोरे लागतात. मधले दोन आधाराचे. ते नुसते ताणून उभे राहतात. कडेचे दोन कामाचे. डावा कामाचा दोरा आधाराच्या दोऱ्यांवरून उजवीकडे न्या आणि उजव्या कामाच्या दोऱ्याखाली ठेवा. मग तो उजवा दोरा आधाराच्या दोऱ्यांखालून डावीकडे न्या व तेथे जो फास झाला आहे त्यातून वर काढा. ओढा. अर्धी गाठ झाली. आता हेच उजवीकडून आरंभ करून करा: उजवा वरून डावीकडे, डाव्याच्या खाली, डावा आधाराखालून उजवीकडे, फासातून वर. ओढा, गाठ पुरी झाली. डावे-उजवे असे पाळीपाळीने केले तर सपाट पट्टी होते. प्रत्येक वेळी डावीकडूनच आरंभ केला तर पट्टी आपोआप पीळ घेते आणि जिन्यासारखी गोल फिरते. हा पीळ हौसेने घ्यावा. चुकून येऊ देऊ नये.

कुंडीचे शिंके करावयाचे असल्यास आठ दोर एका भक्कम कड्यातून दुमडून घ्यावेत. सोळा टोके झाली. चार-चारांचे चार गट करून प्रत्येकावर चपट्या गाठींची पट्टी उतरवावी. कुंडीच्या काठाची उंची आली की प्रत्येक गटाचे दोन दोरे शेजारच्या गटाच्या दोहोंशी चपट्या गाठीने जोडावेत. म्हणजे जाळी होते. थोडे खाली उतरून पुन्हा अशीच एक फेरी घ्यावी, आणि शेवटी सोळाही दोरे तळाशी एकत्र करून दुसऱ्या दोरीने घट्ट गुंडाळून बांधावेत. दोर किती घ्यावा, याचा ढोबळ हिशेब असा की, जेथे गाठी दाट आहेत तेथे कामाचा दोर तयार लांबीच्या चौपट तरी हवा. आधाराच्या दोराला मात्र तेवढी लांबी लागत नाही.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. शिंक्याचा भार मधल्या शोभेवर नसतो. तो वरच्या कड्यावर, आधाराच्या दोरांवर आणि तळाच्या एका गाठीवर असतो. म्हणून शिंके जागेवर टांगण्यापूर्वी कुंडीत ओली माती भरून, जमिनीपासून वीतभरच उंच, एक रात्र लोंबकळत ठेवावे. सकाळी तळाची गाठ केसभरही सरकली असेल तर ती सोडून पुन्हा बांधावी. ज्या दाराखालून मुले धावतात, ज्या खाटेवर वडील माणसे पडतात, तेथे शोभेसाठी टांगलेली वस्तू पडता कामा नये. सौंदर्याने विश्वास मागावा, पण तो आधी मिळवावा.

शेवटी गाठींच्या एका विलक्षण स्वभावाकडे लक्ष वेधतो. पुरी झालेली गाठ आपली वाट लपविते. ती कशी बांधली हे तिच्याकडे पाहून सहसा कळत नाही. आणि वाट शोधण्यासाठी ती सोडावी, तर हातात नुसती दोरी उरते. म्हणून ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते तोवरच जिवंत असते. एक पिढी खंडली की वस्तू संग्रहालयात राहतात आणि ज्ञान जाते. चीनमध्ये जवळजवळ असेच झाले होते. साम्राज्य लयास गेले, पोषाख बदलले, युद्धे झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गाठी बांधणारे हात थोडेच उरले. तैवानातील लिडिया चेन या विदुषीने जुन्या वस्तूंचा व उरल्यासुरल्या माहितीचा मागोवा घेऊन मूळ गाठी, त्यांच्या आकृत्या व कृती यांचा एक ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध केला. आज जगभर बाजारांत लाल चिनी गाठी दिसतात, त्यामागे या खटपटीचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडील शिंकी, पाळण्याचे गोफ, खाटेच्या नवारीची वीण, पटवेकऱ्यांचे गोंडे यांचे काय झाले, हे आपण आपापल्या घरात पाहावे. घरात आजी, आत्या किंवा एखादे जुने गडीमाणूस यांच्या बोटांत अशी एखादी गाठ अजून असेल. तिचे नाव कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही, पण हातात दोरी दिली तर बोटे आपोआप चालू लागतील. तेव्हा पुढच्या सुटीच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसावे, दोरीचे एक टोक आपण धरावे, आणि त्यांनी गाठ आवळण्यापूर्वी तिची वाट नीट पाहून घ्यावी. एकदा पाहून येत नाही. दहा वेळा बांधून व दहा वेळा सोडून येते. आलेली गाठ मग घरातील एका लहान मुलाला अवश्य शिकवावी.

आजच्यापुरते इतके पुरे. लाल शाई व दोन हात दोरी एवढे भांडवल जमवून आपण 'वरून, खालून' चा पाढा आजच म्हणून पाहाल, अशी आशा करून आपली रजा घेतो.